मदत हवी आहे: ऐकू कमी येणाऱ्या मुलांवरची पुस्तकं

देवगडकरीण:
तातडीने मदत हवी आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलांवरची गोष्टीची पुस्तकं सुचवा. बोधकथा नकोत. १५ जूनला शाळा सुरू होते, त्याआधी हातात पडायला हवं. कृपया लवकर.

जुना वाचक:
हेलन केलरचं 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'. १९०३ सालचं, पण आजही अंगावर काटा येतो. पंपाच्या धारेखाली हात धरून बाई तळहातावर अक्षरं काढतात, तो प्रसंग तर कुठल्याही मुलाने वाचावाच.

माडाची सावली:
गो बाय, कोणासाठी व्हया ता आधी सांग. चेडू काय झील? वय किती? वाचता काय?

देवगडकरीण:
मुलगी. तिसरीत जाईल. वाचते.
केलर नको. त्या अंधही होत्या. माझी मुलगी सायकल घेऊन बंदरापर्यंत जाते. तिला त्यात स्वतः कुठे दिसणार?

चिपळूणचा काका:
पुस्तकाचं राहू दे ताई, कॉक्लियर इम्प्लांटचं बघा, ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र. आमच्या शेजारचा मुलगा मूकबधिर होता, आता फोनवर बोलतो. मुंबईला बांद्र्यात ऐकू न येणाऱ्यांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे जा.

वाचा उपचार, रत्नागिरी:
काका, इम्प्लांट सगळ्यांसाठी नसतं. कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लावूनही बोलणं समजण्याइतका उपयोग होत नसेल, तेव्हा त्याचा विचार करतात. आणि 'मूकबधिर' म्हणू नका. तो मुलगा बोलतो आहे.
ताई, तिचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, काय सांगतो? दोन्ही कानांना मशीन आहे का? दिवसभर लावते?

देवगडकरीण:
दोन्ही कानांना आहे, कानामागचं. साडेतीन वर्षांची असताना कळलं. दिवसभर लावायची, मार्चपासून लावत नाही. तिथेच अडलंय.

वर्गात एकाने मशीन ओढून काढलं आणि सगळ्यांनी हाताळलं. नंतर बाईंनी 'सांभाळायला बरं' म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून ती केस पुढे ओढून घेते आणि मशीन डबीत. परवा विचारलंन, "आई, मशीनवाली मुलगी फक्त मीच आहे का?" मी म्हटलं, खूप असतात. म्हणाली, "मग दाखव." आमच्या वाडीत कोणी नाही, शाळेत नाही. म्हणून पुस्तक. शेवटी कान बरे होतात अशी गोष्ट नको, कारण तिचे होणार नाहीत.

वाचा उपचार, रत्नागिरी:
हे आधी सांगायचं ना! मग सीसी बेल यांचं 'एल डेफो', २०१४ सालचं. लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणाची चित्रकथा, त्यात सगळी माणसं सशांच्या रूपात आहेत. चार वर्षांची असताना मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाला सूज येते त्या आजाराने) तिचं ऐकू येणं गेलं. शाळेसाठी मिळालेलं मशीन छातीवर बांधायचं, वायरी कानापर्यंत. बाईंच्या गळ्यात माइक. बाई वर्गाबाहेर गेल्या, अगदी बाथरूममध्ये गेल्या, तरी हिला सगळं ऐकू येतं! मग ती मनातल्या मनात स्वतःला सुपरहिरो समजायला लागते. सगळ्यात सुंदर म्हणजे बोलण्याचे फुगे. बॅटरी उतरत जाते तशी फुग्यातली अक्षरं फिकी होतात, ऐकू आलं नाही की फुगा रिकामा. तिला काय होतं ते तिच्या मैत्रिणींनाही एका पानात कळेल. कान शेवटपर्यंत तसेच राहतात.

हातांची भाषा:
मी स्वतः कर्णबधिर, वेंगुर्ल्याचा. पुस्तक चांगलं आहे, पण त्यातली मुलगी खुणांच्या भाषेला लाजते. ती पानं वाचताना मला त्रास झाला. शेवटच्या टिपणात लेखिका सांगते की बधिर असण्याच्या तऱ्हा अनेक असतात. ते टिपण मुलीला नक्की वाचून दाखवा. मला घरात कोणी खुणा शिकू दिल्या नाहीत, बावीस वर्षांचा होईपर्यंत मी लग्नकार्यात कोपऱ्यात बसून होतो.

वाचा उपचार, रत्नागिरी:
तुमचं दुःख समजतं. पण हिला मशीनने बोलणं कळतंय. आत्ता दुसरी भाषा मध्ये आणली तर मशीन आणखीच सुटेल.

हातांची भाषा:
हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. खुणा शिकल्याने बोलणं जात नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा कोश सरकारी केंद्राने केला आहे, फुकट बघता येतो. रात्री मशीन काढल्यावर ती आईशी काय बोलते, ते विचारा.

देवगडकरीण:
रात्री दिवा लावून ओठ बघते. दिवे गेले की काहीच नाही. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

माडाची सावली:
पावसात मशीन सांभाळ गो. आमच्या आजोबांचा दमटीन बिघडला. सिलिका जेलची डबी ठेव, रातीक त्यात घालूक व्हया.

वाचा उपचार, रत्नागिरी:
बरोबर. आणि ताई, शाळेला पत्रे आहेत का? पत्र्यावरचा पाऊस मशीन बोलण्याइतकाच मोठा करतं, मुलं वैतागून काढून ठेवतात. पहिल्या बाकाचा आग्रह धरा. त्या पुस्तकातल्यासारखा बाईंच्या गळ्यातला माइक आता बिनवायरीचा येतो, तुमच्या मशीनला जोडता येतो का ते विचारा.

देवगडकरीण:
पत्रेच आहेत. पण एल डेफो इंग्रजी ना? ती मराठी शाळेत आहे.

जुना वाचक:
मग ब्रायन सेल्झनिक यांचं 'वंडरस्ट्रक' बघा, २०११ चं. दोन गोष्टी आहेत. १९२७ सालची रोझ ऐकू न येणारी, तिची गोष्ट नुसत्या पेन्सिलच्या चित्रांत. ते चित्रांचं वाचायला इंग्रजी लागत नाही. केलरबद्दल तुमचं म्हणणं पटलं.

वाचा उपचार, रत्नागिरी:
एल डेफोची एक प्रत माझ्याकडे आहे. इथे येणाऱ्या मुलांसाठी फुग्यांशेजारी पेन्सिलने मराठी लिहून ठेवलंय, निम्म्यापर्यंत झालंय. पाठवू?

देवगडकरीण:
पाठवू नका, शनिवारी माझा भाऊ रत्नागिरीला येतोय, तो घेऊन जाईल. पत्ता व्यक्तिगत संदेशात द्या. उरलेलं निम्मं मी लिहिते, तिला शेजारी बसवून. आधीचं पुसू नका.

हातांची भाषा:
रिकामे फुगे तसेच ठेवा.