अंगाला हात लावू न देणारी घोडी: खोड की चंदी (खुराक)?

तापीकाठचा:
दोन वर्षांमागे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी घेतली, कुमैत म्हणजे लालसर तपकिरी, पंचकल्याण म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं, चालीला एकदम झकास. बाजारात तर गरीब गाय होती, पोरं पोटाखालून गेली तरी कान हलवला नाही. घरी आणली आणि चारपाच महिन्यांत काय झालं देव जाणे, खरारा घेऊन जवळ गेलं की सगळी कातडी थरथरवायची, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागे पाडून चावायला यायची, आणि वाऱ्याने साधी पिशवी उडाली तरी बुजून दावं तोडायची. एकदा माझ्या भाच्याला लाथ बसता बसता वाचली. मग सुरू झाले सल्ले. एक म्हणे मानेवरचा केसांचा भोवरा वाईट आहे, एक म्हणे नजर लागली, तिसरा म्हणे बाजारात गुंगीची सुई टोचून आणली असेल, विकून टाक.
मी विकली नाही. एका ओळखीच्याने सांगितलं की हे सगळं मॅग्नेशियम कमी पडल्याचं लक्षण आहे. मी तेव्हा रोज ३ किलो चोकर म्हणजे गव्हाचा कोंडा, दीड किलो भरडलेले चणे आणि मक्याचा चारा देत होतो. चोकर पूर्ण बंद केला, लसूणघास सुरू केला, मॅग्नेशियमची पावडर सुरू केली आणि कोपऱ्यात मिठाचा खडा टांगला. दीड महिन्यात घोडी बारा आणे सुधारली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जनावराला खोडकर म्हणायच्या आधी तोबऱ्यात काय टाकतो ते बघा. खोडबिड काही नसतं, चंदी चुकलेली असते.

वरातवाला_अण्णा:
भो, तुझी घोडी सुधारली आनंद आहे, पण खोड नसतेच हे कोणाला सांगतो. तीस वर्षं वरातीला घोड्या लावतोय, बँडचा दणका, फटाके, अंगावर नाचणारी पोरं, सगळं सोसणाऱ्या घोड्या आम्ही हाताने तयार केल्या, डब्यातल्या पावडरीने नाही. माझ्या वडिलांनी मॅग्नेशियम हा शब्द ऐकला नव्हता. घोडं माणसाचा हात ओळखतं. तू घाबरत घाबरत खरारा करशील तर ते पण घाबरेल, आणि एकदा तिने लाथ उगारल्यावर तू मागे सरकलास की संपलं, तिला कळलं की असं केलं की माणूस जातो. रोज सकाळ संध्याकाळ अर्धा अर्धा तास अंगावरून हात, मानेपासून सुरू करून मागे जायचं, महिनाभरात कुठलंही जनावर मऊ पडतं.
आणि एक खरं सांग, घोडी दिवसातून किती तास बांधलेली असते?

तापीकाठचा:
अण्णा, खरं सांगतो, बांधलेलीच असते, शेतात पीक असलं की सोडायची कुठे. पण तुमच्या वडिलांचे घोडे टांग्याला दिवसभर पळायचे आणि दादर ज्वारीचा कडबा खायचे. आता दादर किती लोक पेरतात? सगळीकडे मका आणि कापूस. चोकराची पोती दुकानातून येतात, स्वस्त पडतं, जनावर आवडीने खातं, म्हणून आपण ओतत जातो. तेव्हा पावडर लागत नव्हती कारण चारा तसा होता. आणि हात फिरवून सगळं होत असतं तर मी चार महिने तेच केलं होतं, वाढतच गेलं.

गुरांची_डॉक्टरीण:
दोघांचं अर्धं अर्धं पटलं, पण तापीकाठचा दादांच्या मॅग्नेशियमवर मला बोलायचंय. मी धुळे जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, घोडे कमी आणि म्हशी जास्त, तरी हिशोब साधा आहे. तुमची घोडी साडेतीनशे किलोची धरली तर तिला रोज जेमतेम ५ ग्रॅम मॅग्नेशियम लागतं. आणि चोकरात किलोला साधारण ५ ग्रॅम मॅग्नेशियम असतंच. म्हणजे ३ किलो चोकर खाणाऱ्या घोडीला गरजेच्या तिप्पट तर चोकरातूनच जात होतं! मग कमी कुठलं पडणार?
चोकराची खरी भानगड फॉस्फरसची आहे. किलोला १० ग्रॅमच्या वर फॉस्फरस आणि कॅल्शियम फक्त एक-दीड ग्रॅम. घोड्याला कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा जास्त पाहिजे, दीडपट ते दुप्पट असलं तर उत्तम, बरोबरीच्या खाली तर जाऊच नये. इथे गणित उलटंच. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडातून ओढून काढतं, हाडं भुसभुशीत होतात, स्नायू हाडाला जिथे धरलेले असतात तिथे दुखतं, आज या पायाने लंगडेल उद्या त्या. पुढे गेलं की तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी सुजून डोकं मोठं दिसतं, जुन्या काळी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार व्हायचा कारण त्यांना कोंडा फुकट मिळायचा. आणि गंमत अशी की रक्त तपासलं तर कॅल्शियम बहुतेक नॉर्मल येतं, कारण हाडं उधारी फेडत असतात. ज्याचं अंगच दुखतंय त्याला खरारा नकोच वाटणार.
दुसरं, तंग आवळताना चावणं. हे ऐकलं की मला आधी पोटाचा अल्सर आठवतो. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं, खाणं चालू असो नसो. दोन वेळ दाणा आणि मधे रिकामं उभं, म्हणजे पोट जळणारच. तुम्ही लसूणघास सुरू केलात त्याने ते आम्ल थोडं दबतं, वर कॅल्शियम पण मिळतं. माझ्या मते तुमच्या घोडीला चोकर बंद केल्याने आणि लसूणघासाने बरं वाटलं आणि नाव झालं पावडरीचं.

तापीकाठचा:
मॅडम, हिशोब भारी आहे, पण चोकरातलं सगळं अंगी लागतं का? मी ऐकलंय की चोकरात असं काहीतरी असतं जे खनिजं धरून ठेवतं. मग कागदावर १५ ग्रॅम आणि अंगात किती?

गुरांची_डॉक्टरीण:
बरोबर ऐकलंय, फायटेट म्हणतात, थोडं अडवतं. पण तिपटीतलं निम्मं अडलं तरी गरज भागून उरतं. मॅग्नेशियम कमी पडलं की घोडा बुजरा होतो, अंग थरथरतं हे पुस्तकात आहे आणि खरं आहे, फक्त चारा दाणा नीट खाणाऱ्या घोड्यात ते सहसा होत नाही. रक्ताची तपासणी पण इथे फसवते, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमचा रक्तात टक्काभर पण नसतो, बाकी हाडात आणि स्नायूत.

चोपड्याचा_बंटी:
मग सोप्पं आहे ना, कॅल्शियम पाहिजे तर पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून द्यायचा, आमच्याकडे बैलांना देतात

गुरांची_डॉक्टरीण:
बंटी भाऊ कृपा करून नको, आधीच पोटात जखमा असतील तर चुन्याने तोंडापासून खाली सगळं भाजेल. चुनखडीची बारीक भुकटी मिळते ती वेगळी, ३० ग्रॅममधून १० ग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. किंवा भुईमुगाचा पाला द्या, बुरशी नसलेला, तो पण कॅल्शियमला चांगला. आणि नेपिअर गवतावर घोडा पाळू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, म्हशीच्या पोटातले जंतू ते फोडतात, घोड्याला ते पोटच नाही. अजून एक, गाईचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य घोड्याला कधीच देऊ नका, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याचं हृदय बंद पडतं.

शिरपूरची_सून:
मी इथे फक्त एवढ्यासाठी लिहितेय की खोड आणि चंदी याच्या मधे अजून एक गोष्ट असते आणि ती जीव घेते. आमच्या सासऱ्यांचा घोडा अचानक असाच झाला, हात लावला की अंग ताठ, गोठ्याचं दार वाजलं की दचकून थरथरायचा. घरात दोन दिवस हीच चर्चा चालली की बुजलाय, काहीतरी पाहिलंय रात्री. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा बाहेर येत होता तो कोणी बघितलाच नाही. धनुर्वात निघाला, खुरात खिळा घुसलेला होता पंधरा दिवसांपूर्वीचा. गेला घोडा. त्यामुळे कोणाचं जनावर अचानक असं वागायला लागलं तर आधी डॉक्टर बोलवा, वाद मागून घाला. लस असते त्याची, महाग नाही.

वरातवाला_अण्णा:
सूनबाई, वाईट झालं. हे मी पण एकदा बघितलंय, शेपटी ताठ धरून उभा राहतो आणि जबडा उघडत नाही. लस दर वर्षी देतो आता.
मॅडमच्या बोलण्यावर एक कबूल करतो, माझी एक पांढरी घोडी लगीनसराईत तंगाला हात लावू द्यायची नाही आणि पावसाळ्यात द्यायची. मी समजायचो की कामाचा कंटाळा करते, दोन फटके पण दिलेत. आता कळतंय, लगीनसराईत रात्र रात्र वरातीत उपाशी उभी असायची.
तरी हात फिरवणं पाहिजेच, ते मी सोडणार नाही.

गुरांची_डॉक्टरीण:
अण्णा, सोडू नकाच. दुखणं गेल्यावर पण घोडी आठवणीने चावते, तिथे तुमचाच हात कामाचा.
तापीकाठचा दादा, तुम्ही चार गोष्टी एकदम बदलल्या, मग कशाने फरक पडला हे सांगणार कसं? पावडर महिनाभर बंद करा, बाकी सगळं तसंच ठेवा. बिघडली तर मी इथेच लिहीन की मी चुकले.

तापीकाठचा:
तुळशीचं लग्न झालं की माझ्या दोन वराती ठरल्यात मॅडम, आत्ता प्रयोग करायची हिंमत नाही.

गुरांची_डॉक्टरीण:
मग पावडरीने बरी झाली असं पण लिहू नका, लोक वाचून डबे आणतील आणि चोकर चालू ठेवतील.

तापीकाठचा:
हे पटलं. डबा संपत आलाच आहे, दुसरा आणत नाही. काय होतं ते लिहीन, बिघडली तरी लिहीन.

चोपड्याचा_बंटी:
आणि घरात उरलेल्या चोकराच्या पोत्याचं काय केलं

तापीकाठचा:
म्हैस खातेय. ती कोणालाही अंगाला हात लावू देते.