स्वीडनमधली नोकरी सुखाची, पण कुणाला?

उत्तरेकडचा: जुलैत सगळा देश सुट्टीवर, साहेबाला एकेरी हाक, पाचला ऑफिस रिकामं. हे ऐकून पुण्यातले मित्र विचारतात, येऊ का? माझ्या मते हे सुख आधीपासून मूळ धरलेल्यांचं. कपात आली की नियम एकच, शेवटी आला तो आधी जाणार. 2022 पासून कंपनी तिघांना या क्रमातून वगळून कामावर ठेवू शकते, पण त्या तिघांत आपला नंबर कशावरून? शिवाय नोकरी गेली की वर्क परमिटचं घड्याळ सुरू.

पाटावरवंटा: साफ असहमत. पुण्यात मला मीटिंगरूममध्ये बसवून राजीनामा लिहून घेतला, संध्याकाळी आयकार्ड बंद. इथे कायम नोकरीवाल्याला काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं, वर एक ते सहा महिन्यांची नोटीस. मुलीला ताप आला तर सकाळी ‘वाब’ (आजारी मुलासाठीची रजा) एवढा मेसेज टाकते आणि घरी राहते. साधारण 80 टक्के पगार सरकारी विम्यातून मिळतो (मर्यादा आहे, मान्य). कुणी भुवई उंचावत नाही.

उत्तरेकडचा: ताई, मुलांच्या बाबतीत वादच नाही. मी नोकरी टिकण्याबद्दल बोलतोय.

खारेदाणे: मग युनियनचं बोला की! आपली आयटीवाली मंडळी वर्गणी वाचवतात, बेकारी विम्याच्या ‘आ-कासा’लाही नाव नोंदवत नाहीत आणि नोकरी गेली की देशाच्या नावाने बोटं मोडतात. इथे किमान वेतनाचा कायदाच नाही, सगळं युनियन आणि मालकांच्या सामूहिक करारांवर चालतं. टेस्लाने करार करायला नकार दिला, तर ऑक्टोबर 2023 मध्ये आयएफ मेटल या धातूकामगार युनियनचे मेकॅनिक संपावर गेले. पोस्टवाल्यांनी नंबरप्लेट पोचवणं थांबवलं, डेन्मार्कच्या गोदी कामगारांनी गाड्या उतरवायला नकार दिला. एवढी एकी आपल्याकडे गिरणी संपालाही मिळाली नव्हती.

उत्तरेकडचा: आणि टेस्लाने सही केली? दोन वर्षं उलटली तरी नाही.

खारेदाणे: नाही केली. पण देशातले बहुतेक नोकरदार अशा करारात येतात, तुमच्याही कंपनीने सही केलेली असेल. बघितलंय का कधी?

शेवगा: भांडण जरा थांबवा. मला गोथेनबर्गची ऑफर आहे, पत्रात सहा महिने प्रोबेशन लिहिलंय. त्यात कितपत संरक्षण?

पाटावरवंटा: जवळजवळ नाहीच. दोन आठवडे आधी कळवून, कारण न देता थांबवू शकतात. सही करण्याआधी एचआरला विचारा, सामूहिक करार आहे का. आणि आ-कासात पहिल्याच महिन्यात नाव घाला. नव्याने आलेल्याला संरक्षण कमी, उत्तरेकडच्यांचा एवढा मुद्दा मला मान्य आहे.