सल्ला हवा: सोलापूर–मोहोळ रोज, बजेट ७ लाख, जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? आणि बॅटरी बाद झाल्यावर काय?

सुवर्णा_सोलापूर
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी रोज सोलापूर–मोहोळ, जाऊन-येऊन ७० किमी, महिन्याला साधारण २५ दिवस. जुनी पेट्रोल वॅगनआर आहे, महिन्याला ११ हजारांच्या आसपास पेट्रोल जातं. ओळखीतल्या डॉक्टरांची २०२३ ची टियागो ईव्ही विकायची आहे. २४ युनिटची बॅटरी, ४० हजार किमी झालेली. बजेट ७ लाख, त्यातच विमा आणि नाव बदलणं. कर्ज काढायचं नाही. घर स्वतःचं, अंगणात गाडी लागते.
दोन प्रश्न. वॉरंटी संपल्यावर खर्च काय? आणि बॅटरी बाद झाली की ती जाते कुठे? आमच्या घरामागच्या ओढ्यात लोक जुने सेल, ट्यूबलाइट, वाटेल ते टाकतात. माझ्या गाडीची एवढी अवजड पेटी अशीच कुठे जाऊन पडणार असेल तर मला ती गाडीच नको.

कोथरूडकर
ताई, ७ लाखांत अडकू नका. थोडे वाढवून नवीन नेक्सॉन ईव्ही घ्या, ४५ युनिटच्या बॅटरीची. पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी, म्हणजे १५ वर्षं. माझी आहे, पुणे–मुंबई द्रुतगतीवर टोलसुद्धा माफ. दुसऱ्याची वापरलेली बॅटरी गळ्यात कशाला घ्यायची?

सुवर्णा_सोलापूर
दादा, थोडे म्हणजे आमच्या बजेटच्या दुप्पट झाले.

चंद्रपूरचं_ऊन
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो बाप्पा, तरी गाडी नीट चालून राहिली. टियागोची बॅटरी एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची. उष्णता सगळ्याच बॅटऱ्यांना खाते, पण ही जात त्यातल्या त्यात टिकाऊ. शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात उभी करू नका, सावलीत लावा. उन्हातून आल्या-आल्या फास्ट चार्जिंगला लावू नका. पण अधूनमधून पूर्ण शंभर भरा, नाहीतर काटा खोटं दाखवायला लागतो आणि लोकांना वाटतं बॅटरीच गेली.

कराडचा_रवी
सगळे म्हातारपणाची चिंता करतात, माझी बॅटरी तरुणपणीच गेली. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, दगड खालून पेटीला लागला. वर्कशॉप म्हणालं अख्खी पेटी बदला, दुरुस्ती करत नाही. असा मार वॉरंटीत बसत नाही, विम्यातच बसतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा होता म्हणून वाचलो, नाहीतर गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा गेला असता. ताई, तुम्हाला एकच सांगतो: झीरो डेप आणि बॅटरीचं वेगळं कव्हर घेतल्याशिवाय गाडी दारातून बाहेर काढू नका. थर्ड पार्टीच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, तेवढे पैसे इकडे वळवा.

डिझेलप्रेमी
मुळात वीज कोळशाची. धूर तुमच्या दारात नाही तर परळीच्या वीजकेंद्रात. ही गाडी म्हणजे पर्यावरणाच्या नावाने फसवणूक. वॅगनआरला सीएनजी किट बसवा, विषय संपला.

नाशिककर_सोलर
माझ्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, केंद्राचं ७८ हजार अनुदान मिळालं. गाडी आणि घर दोन्ही त्यावर. कोळसा कुठे आला?

डिझेलप्रेमी
गाडी रात्री भरता ना? रात्री सूर्य असतो का?

नाशिककर_सोलर
नेट मीटरिंग वाचा जरा, दिवसाची जादा वीज ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. आणि पेट्रोल काय आंघोळ करून येतं का रिफायनरीतून?

भंगार_नव्हे_धातू
दोघांनी वेगळा धागा काढा. ताईंचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही, तो मी घेतो. मी याच व्यवसायात आहे, लिथियम बॅटरीच्या पुनर्वापराच्या.
२०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत. बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच ती परत घेऊन पुनर्वापराला लावायची जबाबदारी. जमिनीत पुरायला, जाळायला बंदी. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतून किती माल परत निघाला पाहिजे तेही ठरलंय: २०२४-२५ ला ७० टक्के, पुढच्या वर्षी ८०, २०२६-२७ पासून ९०. ग्राहकाचं काम एवढंच की ती नोंदणीकृत ठिकाणीच द्यायची.
आमच्याकडे पेटी आली की आधी उरलेली वीज काढून टाकतो, मग मॉड्यूल, म्हणजे आतले सेलचे गठ्ठे, सुटे करून तपासतो. बरे असतील ते सोलरच्या साठवणीला जातात. बाकीचे फोडून काळी पूड करायची, तिला ब्लॅक मास म्हणतात, आणि त्यातून ॲसिडने धातू वेगळे काढायचे.
आता अडचण. कोबाल्ट-निकेलवाल्या बॅटरीला भाव असतो, कारण ते धातू महाग. तुमच्या एलएफपीत लोह आणि फॉस्फेट, किमतीचं म्हणजे लिथियम आणि तांबं. शिवाय खराब पेटी धोकादायक माल म्हणून न्यावी लागते. सोलापुरातून ती नेण्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न आहे. म्हणून ती विकून पैसे येतील असं धरू नका. फुकट नेली तरी बरं. मात्र दारावरच्या भंगारवाल्याला कधीही देऊ नका. आत शेकडो व्होल्ट असतात. छिन्नी-हातोडा घातला तर माणूस जाईल, आणि आग लागली तर विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते.

मुलुंडचे_काका
उत्तम माहिती. माझ्या साध्या गाडीची शिशाची जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नवीच्या किमतीतून तेवढे पैसे कापून देतो, तसं इथे व्हायला हवं.

भंगार_नव्हे_धातू
काका, शिशाला भाव आहे म्हणून ते चालतं. पण त्यातलं बरंचसं शिसं गावाबाहेरच्या भट्ट्यांत वितळतं आणि आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात जातं. लिथियमचं तसं होऊ नये म्हणून तर ओरडतोय.

अकौंटंट_अभय
हिशेब मांडतो. महिना १७५० किमी. युनिटला ७ किमी धरले तर २५० युनिट. घरच्या बिलाचा वरचा टप्पा लागेल म्हणून दर १५ धरा, ३७५० रुपये. पेट्रोलच्या तुलनेत महिना सात हजार वाचतात, वर्षाला ८५ हजारांच्या आसपास. यातून टायर वजा करा. वजन आणि ओढ जास्त म्हणून ते लवकर झिजतात. ऑइल-फिल्टर नाही, पण कूलंट, ब्रेक ऑइल आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी आहे. ती छोटी बसली तरी गाडी जागची हलत नाही.
वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, जे आधी होईल ते. तुमचं वर्षाला २१ हजार किमी. म्हणजे वर्षं २०३१ ला संपतात, किमी त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी. तोपर्यंत सव्वाचार लाख वाचलेले असतील. त्यातले महिना तीन हजार बॅटरीसाठी वेगळे टाका, गाडी विकली तर तुमचेच.

कोथरूडकर
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, वॉरंटी नीट बघा.

अकौंटंट_अभय
वरच लिहिलंय. तरी एक भर: वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, त्याच्या अटी काय, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. बॅटरीचा आरोग्य अहवाल घ्या आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देतात तो आकडा पुस्तिकेत वाचा. चार्जिंगसाठी वेगळा मीटर मिळतो का, महावितरणकडे विचारा.

कराडचा_रवी
आणि रॅम्पवर चढवून खालून पेटी बघा. ओरखडा दिसला तर सोडून द्या.

डिझेलप्रेमी
ताई, शेवटचं सांगतो, सीएनजी.

सुवर्णा_सोलापूर
सर्वांचे आभार. डॉक्टरांची गाडी मी घेत नाहीये. रवीदादांनी सांगितल्यावर रॅम्पवर चढवली, खाली पेटीला चेपा निघाला. नेक्सॉन परवडत नाही आणि सीएनजीच्या रांगेत सकाळी उभं राहणं मला शक्य नाही. छोट्या, १९.२ युनिटच्या बॅटरीची टियागो बघितली आहे, साडेपाच लाखांत. सगळे मोठी घ्या म्हणाल, पण ७० किमीला ती पुरते, आणि शेवटी विल्हेवाट लावायची पेटीही लहान. आरोग्य अहवाल हातात आला, वॉरंटी नावावर करण्याबद्दल सर्व्हिस सेंटरने ईमेलवर होकार दिला. बॅटरी परत घेण्याबद्दलही त्याच ईमेलमध्ये विचारलं आहे. तो मुद्दा लेखी आला की टोकन देणार.

कोथरूडकर
छोटी बॅटरी पस्तावाल. पुण्याला एका दमात येता येणार नाही.

सुवर्णा_सोलापूर
पुण्याला मी रेल्वेने येते.

मुलुंडचे_काका
वॅगनआर विकणार असाल तर मला कळवा, भाचा बार्शीला असतो.