मदत हवी आहे: विंगवरून थेट नऊ नंबरवर, उजवीकडचा पास काही जमेना

नवखा_नऊ

मंडळी, रग्बी खेळणारं कुणी इथे असेल तर जरा मार्ग दाखवा.

दोन वर्षं विंगवर खेळलो. म्हणजे कडेला उभं राहून बॉलची वाट बघायची आणि आला की सुटायचं. आमचा स्क्रम-हाफ (म्हणजे नऊ नंबर, जमिनीवरचा बॉल उचलून पास देणारा) गुडघा धरून बसला आणि प्रशिक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. का, तर म्हणे तुझे हात चांगले आहेत. उंच आलेला बॉल पकडतो मी, हे खरं. पण जमिनीवरून उचलून फेकणं ही वेगळीच विद्या निघाली.

तीन आठवडे झालेत. मी उजव्या हाताचा. डावीकडे पास देताना बॉल मस्त फिरत जातो, आठ-दहा मीटर सरळ. उजवीकडे द्यायचा म्हटलं की मागून डाव्या हाताने ढकलायचं, आणि तो हात माझा आहे असं वाटतच नाही. बॉल डगमगत जातो, कधी दहा नंबरच्या, म्हणजे फ्लाय-हाफच्या, गुडघ्यावर, कधी त्याच्या पाठीमागे. गेल्या सामन्यात असाच मागे गेलेला बॉल समोरच्यांनी उचलला आणि पोस्टखाली नेऊन टेकवला, म्हणजे गुण त्यांना. आमचा फ्लाय-हाफ काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकीच्या शंका एकदमच विचारतो. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. नऊ नंबर बुटकाच हवा, असं सगळे म्हणतात, ते खरं का? बॉक्स किक (गर्दीच्या मागून उंच मारायची किक) आत्ताच शिकायला घ्यावी का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे ओरडणं. मी मुळात भिडस्त माणूस. माझ्यापेक्षा तीस किलोने जड असलेल्या फॉरवर्ड्सना (बॉलसाठी झुंजणाऱ्या आडदांड गड्यांना) हुकूम सोडायचे म्हणजे घशातून आवाजच फुटत नाही.

दहा_नंबरी

तुमच्या फ्लाय-हाफचं दुःख मी भोगलेलं आहे, त्यामुळे आधी त्याला माझा नमस्कार कळवा.

एक विचारतो. उजवीकडे पास देताना बॉलच्या शेजारी तुमचा कुठला पाय असतो? आठवून सांगू नका. कुणाला तरी मोबाइलवर मागून व्हिडिओ काढायला सांगा आणि बघून सांगा.

जुना_नऊ

दहा_नंबरींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. व्हिडिओ यायच्या आधीच पैज लावतो, दोन्ही बाजूंना पास देताना तुमचा उजवाच पाय बॉलजवळ पडत असणार.

डावीकडे पास द्यायचा तर उजवा पाय बॉलला लागून, किंचित मागे. डावा पाय जिथे बॉल पाठवायचाय त्या दिशेला लांब टाकायचा. उजवीकडे सगळं उलट: डावा पाय बॉलपाशी, उजवा लक्ष्याकडे. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर सरकतं आणि त्याच लाटेवर बॉल जातो. पाय चुकले की हे वजन कामाला येत नाही, मग सगळा भार एकट्या दंडावर. तुमचा डावा हात दुबळा नाही, त्याला बिचाऱ्याला पायांची साथ नाही.

म्हणजे पास रकपाशी (जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही संघांची रेटारेटी चालते तिथे) पोचल्यावर सुरू होत नाही. शेवटची दोन पावलं लहान करा, कुठला पाय कुठे टेकवायचा ते तिथेच ठरतं. त्याच्याही आधी, दहा मीटर लांब असतानाच मान वर करून बघून घ्या: आपली माणसं कुठे उभी आहेत, समोरच्यांची रांग कुठल्या बाजूला विरळ आहे. जवळ आल्यावर नजर फक्त बॉलवर. बॉल हातात आल्यावर "कुणाला देऊ?" असा विचार करायला लागलात तर समोरचा फ्लँकर (अंगावर धावून येणारा त्यांचा फॉरवर्ड) त्याचं उत्तर देतो.

दुसरी खोड म्हणजे बॉल उचलून छातीशी आणायचा, उभं राहायचं आणि मग फेकायचा. उंच माणसाला ही हमखास असते. गुडघे आणि कंबर खाली ठेवा आणि झाडूने केर लोटावा तसा बॉल जमिनीलगत लोटत न्या. हात मागे नेऊन झोका घेऊ नका, तेवढ्या वेळात समोरची फळी दोन पावलं पुढे आलेली असते. बॉल सुटल्यावर दोन्ही हातांची बोटं झेलणाऱ्याच्या छातीकडे रोखलेली दिसली पाहिजेत. फिरकी मागचा हात देतो, पुढचा फक्त दिशा दाखवतो.

सराव असा करा. एक गुडघा टेकून नुसत्या डाव्या हाताने तीन मीटरवर पास, फिरकीचा हट्ट न धरता. तो सरळ जायला लागला की दोन हातांनी पाच मीटर. मग जमिनीवर सहा बॉल एका ओळीत ठेवा आणि एकावरून दुसऱ्यावर जात सगळे उजवीकडेच फेका. दमल्यावर पाय कुठे पडतात ते तेव्हाच कळतं. लांब पासचा मोह टाळा. वेळेवर आलेला सात मीटरचा पास लटकत आलेल्या पंधरा मीटरच्या पासपेक्षा दहा नंबरला कधीही आवडतो.

उंचीचं म्हणाल तर साफ खोटं. दक्षिण आफ्रिकेने 1995 चा विश्वचषक जिंकला तेव्हाचा त्यांचा नऊ नंबर यूस्ट फान डर वेस्टहाइझन सहा फुटांहून उंच होता, आणि वेल्सचा माइक फिलिप्स तर सव्वासहा फुटांच्या घरातला. हां, न्यूझीलंडचा अ‍ॅरन स्मिथ किंवा फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ उंचीने कमी, त्यांना खाली वाकायला अंतर कमी पडतं. तुम्हाला मांड्यांकडून जास्त काम करून घ्यावं लागेल, एवढाच फरक.

बॉक्स किक नंतर. आधी पास.

झेपावणारा

डाइव्ह पास शिकवा की त्यांना! लांबही जातो आणि दिसतोही झकास.

जुना_नऊ

दिसतो खरा. 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या डॅनी क्रेव्हनने तो गाजवला होता. पण पास देऊन तुम्ही पडता पालथे. उठेपर्यंत पुढचा रक तयार, आणि तिथे नऊ नंबरच नाही. वेल्सच्या गॅरेथ एडवर्ड्सच्या काळात फिरकी पास रुळला आणि उभ्या उभ्या तेवढंच अंतर मिळायला लागलं. अगदीच तोल गेला तर डाइव्ह करा, हौस म्हणून नको.

बिनपगारी_रेफरी

विंगवरून आलेल्यांच्या हातून नियमांच्या दोन चुका नेहमी होतात, म्हणून मधेच तोंड घालतो.

बॉल रकमध्ये असताना उचलल्याचं सोंग करायचं नाही. समोरचे फसून पुढे आले तरी फ्री किक तुमच्याच विरुद्ध जाते. दुसरं, मी "यूज इट" म्हटल्यापासून पाच सेकंदांत बॉल बाहेर निघाला पाहिजे, नाहीतर स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड्स वाकून एकमेकांना रेटतात तो डाव) समोरच्यांना. पाच सेकंद वाटतात तेवढे लांब नसतात.

स्क्रममध्ये बॉल सरळच टाकायचा. मात्र 2017 पासून तुम्ही आपला खांदा दोन फळ्यांमधल्या बोगद्याच्या मधल्या रेषेशी जुळवून उभे राहू शकता, म्हणजे खांद्याच्या रुंदीएवढे आपल्या बाजूला सरकून. ही सवलत नियमातच दिलेली आहे, संकोच न करता घ्या.

थकलेला_प्रॉप

ओरडण्याबद्दल मी सांगतो, कारण हुकूम ऐकणाऱ्यांपैकी मी एक.

अहो, आमचं डोकं खाली, कानावर कुणाची तरी मांडी, समोर फक्त गवत. बॉल डावीकडे आहे की उजवीकडे हे आम्हाला कळत नसतं. कुणीतरी सांगावं म्हणून आम्ही आसुसलेले असतो आणि तुम्हाला वाटतं आम्हाला राग येईल! राग येतो तो "चला चला, लवकर!" असल्या ओरड्याचा. कोण चला? कुठे चला? आधी नाव घ्या, मग काम सांगा. दोन शब्द पुरतात. जवळ असाल तर पाठीवर थाप मारून ढकला, खुशाल. सरावाच्या वेळी, दम लागलेला नसतानाच बोलायची सवय लावा. सामन्यात आपोआप आवाज फुटेल म्हणाल, तर नाही फुटत.

नवखा_नऊ

सगळ्यांचे आभार. जुना_नऊ, पैज जिंकलात. व्हिडिओत अगदी स्वच्छ दिसतंय, दरवेळी उजवाच पाय बॉलपाशी. मग उजवीकडे पास द्यायला मी त्या पायाभोवती गिरकी घेतो, त्यात कंबर वर येते आणि बॉल सुटतो तेव्हा मी जवळजवळ ताठ उभा. तीन आठवडे डाव्या हाताने डंबेल उचलत होतो, ते फुकट गेलं म्हणायचं.

काल नुसती पावलं घोटली, सुरुवातीला बॉलशिवाय. नंतर उजवीकडे वीस पास दिले, त्यातले बारा फ्लाय-हाफच्या हातात छातीच्या उंचीवर गेले. दोन त्याच्या कानाजवळून. यावेळी मात्र तो बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाव घेऊन सांगायचा प्रयोगही केला. प्रॉपचं नाव घेऊन "डावीकडे" म्हणालो आणि तो खरोखर डावीकडे गेला. मीच दचकलो. पण माउथगार्ड तोंडात असला की माझं "डावीकडे" कुणाला समजतच नाही, "आईकडे" ऐकू येतं म्हणे. यावर काय करतात?

थकलेला_प्रॉप

ढिला असणार. मग तो पडू नये म्हणून तुम्ही दात आवळून बोलता. गरम पाण्यात मऊ करून बसवायचा प्रकार असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पुन्हा एकदा दातांवर दाबून बसवा. तोंड उघडल्यावर वरच्या दातांना आपला आपण धरून राहिला पाहिजे. आणि शब्दाबरोबर हातही दाखवत जा, निदान जो उभा आहे त्याला तरी दिसेल.

दहा_नंबरी

कानाजवळून गेलेल्या दोन पासच्या वेळी पाय कुठे होते, तेही व्हिडिओत बघा.