इलिओस्टॉमीची पिशवी दीड दिवसात गळते, कातडी सोलवटली आहे. काय चुकतंय?

रानजाई:
गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वडिलांना तात्पुरती इलिओस्टॉमी केली आहे, म्हणजे लहान आतडं पोटावर बाहेर काढलंय आणि मल पिशवीत येतो. पिशवी दोन भागांची आहे: कातडीला चिकटणारी चकती (फ्लँज) आणि तिच्यावर बसणारी पिशवी. डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या मापानेच फ्लँज कापतो, तरी खालच्या बाजूने गळते. भोवतालची कातडी लालभडक, ओली; पाणी लागलं तरी झोंबते. खोबरेल लावलं की बरं वाटतं, पण मग फ्लँज चिकटत नाही. पिशवीत पाण्यासारखं येतं म्हणून भरपूर पाणी पाजतोय, तर आणखीच पातळ होतंय. मोठं हॉस्पिटल तीन तासांवर आहे. घरी काय सुधारता येईल, आणि कधी निघायलाच हवं?

टाकाटिप्पा:
डिस्चार्जचं माप, तिथेच घोळ आहे. ऑपरेशननंतर स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे आकसत जातो. जुन्या मापाचं भोक आता मोठं पडतं आणि मधल्या उघड्या कातडीवर मल साचतो. लहान आतड्यातून येणाऱ्या मलात पाचक रस असतात, ते कातडीही 'पचवायला' घेतात. म्हणून दर आठवड्याला मापपट्टीने नव्याने मोजा. भोक स्टोमापेक्षा सगळीकडून साधारण २ मिलिमीटर मोठं हवं. स्टोमा लांबट असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकवर पेनाने आकार गिरवून तोच साचा वापरा. घट्टही नको, फ्लँजची कड स्टोमाला कापते.

बदलायची वेळ सकाळी, चहाच्याही आधी. तेव्हा स्टोमा शांत असतो. फ्लँज ओढू नका, एका हाताने कातडी खाली दाबत वरून सोडवत या. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, बस्स. डेटॉल, स्पिरिट, तेल, क्रीम काही नको. कापसाचे तंतू चिकटून राहतात, तोही नको. टिपून कोरडं करा. ओल्या जागेवर स्टोमा पावडर चिमूटभर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरीचा थर राहिला तर फ्लँज पावडरीला चिकटते, कातडीला नाही. पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, ती खळगे भरायला असते. तिच्यात बहुधा अल्कोहोल असतं, सोलवटलेल्या जागी आग होईल. त्याऐवजी स्टोमा रिंग (स्टोमाभोवती बसणारी मऊ, चिकट कडी) घ्या. फ्लँज तळहातांत धरून कोमट करा, लावल्यावर आतून बाहेर दाबत या आणि वर हात ठेवून दहा मिनिटं पडून राहू द्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानेच खालची कड सुटते.

आणि काढलेली फ्लँज लगेच फेकू नका, उलटी करून बघा. चिकट थर जिथे विरघळून पांढरा पडलाय, गळतीची वाट तीच. दर वेळी तीच जागा असेल तर वडिलांना बसवून बघा, बहुतेक तिथे कातडीची घडी पडत असेल. ती रिंगने भरून निघते. नाही निघाली तर फुगीर फ्लँज लागते, पण ती स्टोमा नर्सला दाखवूनच.

ओपीडीबाहेर:
पाण्याबद्दल. इलिओस्टॉमी स्थिरावली की दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली येतं. खुणा असलेला जग घ्या, चोवीस तासांचं मोजून लिहून ठेवा. 'खूप येतंय' यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

नुसत्या पाण्यात मीठ नसतं. ते आतड्यात गेलं की शरीरातलं सोडियम आतड्यात खेचलं जातं आणि पाण्याबरोबर पिशवीत येतं. म्हणून पाजाल तितकं पातळ. चहा आणि फळांच्या रसाचंही तेच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, ते ओआरएसची जागा घेत नाही. नुसतं पाणी कमी करून बराचसा भाग ओआरएसचा ठेवा. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं. अंदाजाने ग्लासात अर्धं टाकलं तर प्रमाण बिघडतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना फोन.

जेवणात मऊ भात, मिठाची पेज, पिकलं केळं. मका, खोबरं, शेंगदाणे, शेवग्याचा चोथा सध्या नको, अडकतात. लोपेरामाईड (जुलाब थांबवायची गोळी) मनाने सुरू करू नका, आधी जंतुसंसर्ग नाही ना हे बघावं लागतं.

निघायचं कधी: स्टोमा काळा-निळा पडला, चार ते सहा तास काहीच येत नाही आणि पोटात कळा किंवा उलटी आहे, दिवसाला १५०० मिलीच्या वर जातंय, लघवी कमी, चक्कर, पायात गोळे, ताप. पुसताना स्टोमावर रक्ताचा थेंब दिसला तर घाबरू नका. आतून रक्त येत असेल तर मात्र थांबू नका.

रानजाई:
माप घेतलं. भोक सगळीकडून जवळजवळ ६ मिलिमीटर मोठं निघालं! पुढच्या आठवड्यात केमोच्या गोळ्या सुरू होतील. एसटीचा प्रवास आहे, काही सूचना?

ओपीडीबाहेर:
कॅपेसिटाबिन असेल तर जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. त्यानेही जुलाब होतात. पिशवीतलं प्रमाण अचानक वाढलं तर पुढच्या गोळीआधी कॅन्सर विभागाला फोन करा. आणि तुम्हा भावंडांसाठी: चाळिशीत, किंवा वडिलांना निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी). त्याआधीही शौचातून रक्त आलं तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसू नका.

टाकाटिप्पा:
एसटीत: मापाने कापलेल्या दोन फ्लँज, दोन पिशव्या, क्लिप, पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं आणि कॅरीबॅग हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही. निघण्याआधी पिशवी रिकामी करा आणि कंडक्टरला थांबा कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.