मदत हवी आहे: गेमचा दुसरा भाग घेतला, पार पोपट झाला, पैसे परत मिळतात का?

संत्रा_नायट्रो
अर्जंट आहे. त्या रेसिंग गेमचा दुसरा भाग घेतला, कोणता ते सगळ्यांना माहीतच आहे, नाव लिहीत नाही कारण मागच्या वेळी लिहिलं तर त्याचे भक्त दोन दिवस माझ्या मागं लागले होते. पहिला भाग मी बारावीच्या सुट्टीत घासून घासून खेळलो, ह्याच्यासाठी पाच वर्षं थांबलो, ट्रेलर तर पाठ आहे. आणि आता पाहतो तर पोलिसांचा पाठलागच काढून टाकला. गॅरेज म्हणजे नुसती यादी. पहिल्यात गाडी गॅरेजमधे उभी असायची, बोनेटवर लाइट पडायचा, तासभर रंग निवडण्यातच जायचा. आता एकट्यानं खेळायचं तरी नेट पाहिजे, नेट गेलं की मेन्यूवर आणून टाकते. वरून अटकून राहिला, बरोबर वळणावरच अटकतो, गाडी भिंतीत. सगळं करून पाहिलं. पैसे परत कसे मागायचे ते सांगा लवकर, आईला अजून किंमत माहीत नाही.

हँडब्रेकवाला
कशावर खेळून राहिला? पीसी, लॅपटॉप, कन्सोल? कुठून घेतला? किती तास झाले? "सगळं करून पाहिलं" म्हणजे काय काय? ह्यातलं एक पण सांगितलं नाही भाऊ अन् म्हणतो लवकर सांगा.

काका_५८
लहान मुलांसाठी असेल तर मारियो कार्ट ८ घ्यावा. एका टीव्हीवर चौघं खेळतात, नेट लागत नाही. आमच्याकडे नातू आणि सूनबाई दोघं खेळतात, सूनबाई जिंकतात.

वर्धारोडवाला
कीबोर्डवर खेळत असशील तर गेमला शिव्या देऊ नको. स्टिअरिंग व्हील घे. माझं ९०० डिग्री फिरतं, जेवणाच्या टेबलाला कसून ठेवलं आहे, घरचे आता खाली बसून जेवतात पण वळणाचा फील काय येतो राजा.

हँडब्रेकवाला
अबे तो पैसे परत मागून राहिला अन् तू त्याला आणखी खर्चात टाकून राहिला.

संत्रा_नायट्रो
लॅपटॉप, गेमिंगचाच आहे. स्टीमवर, म्हणजे त्या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतला, डिलक्सवाला, तीन दिवस आधी खेळायला मिळतो म्हणून. रिलीज होऊन आठवडा झाला. तास जास्त नाही झाले.

हँडब्रेकवाला
जास्त नाही म्हणजे किती? आकडा टाक.

संत्रा_नायट्रो
३.४. पण त्यातला पाऊण तास तर नुसते शेडर बनून राहिले होते, म्हणजे खेळायच्या आधीची चित्रांची तयारी, आणि एकदा मेन्यू चालू ठेवून सावजी आणायला गेलो होतो. आणि ते आधीचे तीन दिवस धरत नाहीत न?

बर्डी_बेंच
धरतात. पूर्वी धरत नव्हते, एप्रिल २०२४ पासून आगाऊ मिळालेल्या दिवसांतले तास पण मोजतात. नियम साधा आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. तू रिलीजच्या आधी पैसे भरले म्हणून तुझे १४ दिवस रिलीजपासून, ते ठीक आहे. पण तासांत बसत नाहीस. सावजीवाला वेळ पण खेळलेलाच. तरी अर्ज टाक, नियमाबाहेरचे अर्ज पण पाहतात, फक्त देतीलच असं नाही. आजच टाक.

तर्री_पोहे_४४०
दुसऱ्या भागाचं हेच असतं भाऊ. नीड फॉर स्पीडचा मोस्ट वाँटेड २००५ चा आठवा. ब्लॅकलिस्टवर, म्हणजे हरवायच्या रेसरांच्या यादीत १५ जण, सुरुवातीलाच तो रेझर आपली बीएमडब्ल्यू एम ३ जीटीआर घेऊन जातो, मग एकेकाला हरवत त्याच्यापर्यंत पोचायचं. आम्ही शाळा बुडवून सायबर कॅफेत खेळायचो, तासाचे पैसे वर्गणी काढून. मग २०१२ ला त्याच नावानं नवा आला, तर गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या, जायचं, बसायचं, चालू पडायचं. रेझर नाही, बदला नाही. फुकटात भेटलेल्या गाडीवर जीव कसा बसेल?

ड्रिफ्ट_सक्करदरा
२०१२ चा क्रायटेरियन कंपनीनं बनवला होता, ते बर्नआउट गेमवाले. त्यांनी त्यांच्या हिशोबानं बनवला. नाव दुसरं असतं तर तुम्हीच डोक्यावर घेतला असता. नाव जुनं ठेवलं की लोक जुनंच मागतात, मग रडतात.

तर्री_पोहे_४४०
मग नाव काऊन ठेवलं जुनं? नावावर विकायचं अन् आम्ही नावानं मागितलं तर रडतात म्हणायचं. वा.

ड्रिफ्ट_सक्करदरा
तुझं सायबर कॅफे आठवतं तुला, गेम नाही.

हँडब्रेकवाला
नेटवालं मात्र त्याचं बरोबर आहे. द क्रू हा गेम २०१४ चा, अख्खी अमेरिका गाडीनं फिरता यायची. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, विषय संपला, एकट्यानं पण खेळता येत नव्हतं. त्याच्यावरूनच ते स्टॉप किलिंग गेम्सवालं आंदोलन सुरू झालं, विकलेले गेम बंद पाडू नका म्हणून. पैसे पूर्ण द्यायचे अन् गेम भाड्याचा.

बिनब्रेक_७७
गेम सोडा, समृद्धीवर जा खरी गाडी घेऊन 😂

हँडब्रेकवाला
तिथं १२० ची मर्यादा आहे अन् टायर फुटून लोक गेलेत. असले जोक नको.

बर्डी_बेंच
संत्रा, तुझ्या अटकण्यावर कोणी बोललंच नाही. पहिली दहा मिनिटं नीट चालून मग अटकतो का? आणि लॅपटॉप कुठं ठेवतो?

संत्रा_नायट्रो
हो, पहिली रेस मस्त जाते, मग सुरू होते. गादीवर ठेवतो, दुसरीकडे कुठं ठेवणार.

बर्डी_बेंच
गादीवर!! मे महिना, नागपूर, बाहेर ४५, आणि लॅपटॉप गादीवर. खालून हवा ओढायची जाळीच बंद, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, तेच तुझं वळणावरचं अटकणं. टेबलवर घे, मागून दोन पुस्तकं लावून उचल. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर लॉक कर. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ कर, बूस्ट म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग बंद होतो, बऱ्यापैकी थंड राहतो.

काका_५८
कूलरसमोर ठेवावा.

बर्डी_बेंच
थेट समोर नको काका, ओली हवा असते, पाणी पण उडतं.

तर्री_पोहे_४४०
तीन उन्हाळे कूलरसमोर चालवून राहिलो, काही झालं नाही.

हँडब्रेकवाला
तुला २००५ चा गेम चालवायचा असतो, तो फ्रिजवर पण चालेल.

वर्धारोडवाला
व्हील घेतलं की टेबल लागतंच, म्हणजे गादी आपोआप सुटते. मी पहिलेच सांगत होतो.

संत्रा_नायट्रो
बेंच भाऊ, थांबलं अटकणं. खरंच थांबलं. आईचं पोळपाट लावलं मागून. काल रात्री पूर्ण खेळलो, एकदम लोण्यासारखा. पण आता खरा घोळ झाला. अटकत होता तोवर वाटत होतं की अटकतो म्हणून मजा येत नाही. आता नीट चालून राहिला अन् तरी येत नाही. शहर एवढं मोठं, रस्ते ओले, दिवे चमकतात, मी एकटा गोल गोल फिरून राहिलो, मागं कोणी लागतच नाही. पहिल्यात सायरन वाजला की हाताला घाम यायचा.

हँडब्रेकवाला
किती तास झाले आता?

संत्रा_नायट्रो
७.१

हँडब्रेकवाला
अर्ज टाकला होता न त्याच्या आधी?

संत्रा_नायट्रो
आता टाकून राहिलो.

बर्डी_बेंच
भैताड आहेस बे तू.

वर्धारोडवाला
मग व्हीलचं काय ठरलं?