जुन्या स्विफ्टसाठी सुटे भाग कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे? सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची डिझेल स्विफ्ट आहे. गाडी सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेली असून क्लच आता बराच वर पकडतो, पुढचे ब्रेकपॅड संपत आले आहेत आणि खड्ड्यातून जाताना डाव्या बाजूने खटखट ऐकू येते. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश गेले आहेत, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. माझे रोजचे जाणे-येणे नाशिकमध्ये पाथर्डी फाटा ते सातपूर एमआयडीसी एवढेच आहे. परंतु आईच्या उपचारांसाठी कसारा घाटातून मुंबईला वरचेवर जावे लागत असल्याने ब्रेकच्या बाबतीत मला कोणतीही जोखीम पत्करायची नाही. तिन्ही कामे कंपनीचे भाग घालून एकदम करणे मात्र सध्या झेपणारे नाही.

द्वारकेजवळच्या एका दुकानात मला तीन प्रकारचे ब्रेकपॅड दाखवण्यात आले. एक मोटार कंपनीच्या डब्यातला, दुसरा ब्रेकचे भाग बनवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यातला आणि तिसरा निम्म्याहून कमी किमतीचा, मी कधी न ऐकलेल्या नावाचा. पहिल्या दोहोंच्या पाठीवर पातळ शिम (आवाज कमी करणारी पट्टी) घट्ट बसवलेली होती, लायनिंगच्या (डिस्कवर घासणाऱ्या थराच्या) कडा तिरक्या घासलेल्या होत्या आणि धातूच्या पट्टीवर क्रमांक ठशाने उमटवलेला होता. तिसऱ्याच्या पाठीवर नुसता रंग होता, तोही कडेला ओघळलेला. बरेचसे भाग मोटार कंपनी स्वतः न बनवता पुरवठादारांकडून घेते आणि त्यांपैकी अनेक पुरवठादार आपल्या नावानेही बाजारात माल विकतात, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून तिसरा पर्याय मी बाजूला ठेवला आहे. लांब उतारावर पॅड तापले की हलक्या प्रतीच्या लायनिंगची पकड कमी होते, आणि ते घाटात कळून काय उपयोग?

माझा खरा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांपैकी निवड करण्याचा आहे. दोन्ही डब्यांतला माल एकाच प्रतीचा असतो, की मोटार कंपनीला जाणाऱ्या मालाचे मिश्रण आणि तपासणी वेगळी असते? ज्यांनी दोन्ही वापरले आहेत, त्यांनी पॅड किती टिकले आणि डिस्कवर चरे पडले का, हे कृपया लिहावे.

क्लचबाबत माझे मत जवळजवळ ठरले आहे. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग यांपैकी काहीही बदलायचे झाले तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि भाग लवकर गेला तर ती मजुरी पुन्हा भरावी लागते. तेव्हा तिथे पूर्ण सेट चांगल्या प्रतीचाच घालावा, असे मला वाटते. लोअर आर्मबाबत मात्र मन द्विधा आहे. मेकॅनिक जुन्याच आर्ममध्ये बाहेरचे बुश दाबून बसवण्यास सुचवतात. खर्च बराच वाचतो, पण त्या रबराचा दर्जा कसा ओळखावा, हे मला उमगत नाही. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) अजून घट्ट असेल तर असे करणे योग्य ठरेल का, की पूर्ण आर्मच बदलावा?

नकली मालाचीही धास्ती आहे. कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे मी पक्क्या बिलाशिवाय काहीही घेणार नाही आणि सुट्या भागाचा क्रमांक आधी अधिकृत सेवा केंद्रातून लिहून आणणार आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना दंड केला, तेव्हा सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू न देणे हा त्यातला प्रमुख आक्षेप होता. आज ते भाग बाहेर मिळतात, परंतु डबा खरा की खोटा हे ताडण्याचे काम ग्राहकावरच येऊन पडते. होलोग्राम आणि क्यूआर कोड यांखेरीज आणखी काय पाहावे?

नाशिकमध्ये, विशेषतः मुंबई नाका किंवा अंबडच्या बाजूला, डबा ग्राहकासमोर फोडून भाग बसवणारे आणि काढलेला जुना भाग परत देणारे गॅरेज कोणाच्या अनुभवात असेल, तर अवश्य सांगावे. आईच्या पुढच्या तपासणीपूर्वी निदान ब्रेकचे काम मला उरकायचे आहे.